मानसोपचार वॉर्डात सात महिने झाले. थांबू की आयसीयूला जाऊ?

गिरणाकाठची

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज नाईट संपवून आले आणि झोपच लागेना, म्हणून लिहितेय.

मी भडगाव तालुक्यातली. वय २३. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, कौन्सिलची नोंदणी झाली आणि जळगाव जिल्ह्यातल्या एका खासगी मानसोपचार रुग्णालयात लागले. ३० खाटा आहेत. शिकताना मानसोपचाराची पोस्टिंग थोडेच दिवस होती, त्यात केस स्टडी लिहिण्यापलीकडे काही झालं नाही. इथे पहिल्या आठवड्यात वॉर्डाचं कुलूप उघडताना माझे हात कापायचे. आता कापत नाहीत. काम मला आवडतं, हे आधीच सांगते. आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस नवव्या दिवशी "सिस्टर, आज चहा पातळ झाला" म्हणतो, तेव्हा मला जे वाटतं ते सर्जिकल वॉर्डात कधी वाटलं नव्हतं.

पण गेल्या महिन्यातली एक रात्र डोक्यातून जात नाही. रात्री मी आणि एक मामा (वॉर्डबॉय), एवढेच. पारोळ्याकडचा एक मुलगा, विशीचा, मॅनियात (उन्मादाच्या झटक्यात) होता. दोन रात्री झोपला नव्हता, गात होता, फिरत होता. रागात त्याने सलाइनचा स्टँड ढकलला, तो शेजारच्या आजोबांच्या खाटेवर पडला. आजोबा थोडक्यात वाचले. फोनवर सांगितलं गेलं, इंजेक्शन द्या आणि बांधा. मामांनी धरलं, मी क्रेप बँडेजने दोन्ही मनगटं खाटेला बांधली. अर्ध्या तासात तो झोपला. तेव्हाच सोडायला हवं होतं. पण त्याच वेळी दारू सोडून तीन दिवस झालेला दुसरा पेशंट भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून भिंत झाडायला लागला, घामाने निथळत होता, त्याच्यापाशी माझी रात्र गेली. मुलाला सोडलं पहाटे सहाला. मनगटावर बँडेजची जाळी उमटली होती. फाइलमध्ये इंजेक्शनची नोंद आहे, बांधल्याची नाही.

सकाळी तो शांत होता. मला म्हणाला, "ताई, माले काबर बांधं?" म्हणजे, मला का बांधलं?

मला उत्तर देता आलं नाही. औषधांच्या खोलीत जाऊन रडले.

आता प्रश्न असा. नाशिकला मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूची नोकरी मिळतेय, पंधरा दिवसांत कळवायचं आहे. दुसरा विचार आहे मानसोपचार नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करायचा. घरी आई म्हणते, वेड्यांच्या दवाखान्यात काम करते म्हटल्यावर स्थळं कशी येतील. मी थांबू का जाऊ? आणि ही रात्र डोक्यातून कशी काढू?

खापरावरचे मांडे

ताई, आधी जेवून घ्या आणि झोपा. नाईटनंतर घेतलेला निर्णय निम्मा झोपेचा असतो. बाकीचे येतीलच सांगायला.

जुनी मेट्रन, धुळे

बाळ, मी ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली ११ मानसोपचारात. दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, त्या तू एका पिशवीत भरल्यास. नोकरी बदलायची का, हा एक प्रश्न. त्या रात्रीचं काय करायचं, हा दुसरा. दुसरा सुटल्याशिवाय पहिल्याला हात लावू नकोस. नाहीतर नाशिकला जाशील आणि ते मनगट बरोबर घेऊन जाशील. आयसीयूतही हात बांधावे लागतात, व्हेंटिलेटरवरचा माणूस नळी ओढतो तेव्हा.

मी नवी असताना माझ्या हातूनही असं झालं आहे. एक बाई होती, साक्रीकडची. तिला बांधलं, आणि ती पाणी मागत होती ते मला ऐकू येऊनही मी "थांबा जरा" म्हणत राहिले. थांबा जरा करता करता तास गेला. सकाळी तिचे ओठ चिकटले होते. आमच्या तेव्हाच्या इनचार्ज सिस्टर रागावल्या नाहीत. मला खुर्चीवर बसवलं, स्वतः तांब्या-पेला आणला आणि म्हणाल्या, त्या बाईला तू स्वतःच्या हाताने पाणी दे आणि सांग की काल चुकलं. मी तसं केलं. बाईने पाणी पिऊन माझ्या गालाला हात लावला. त्या दिवसापासून मी कोणाला बांधलं तर खुर्ची ओढून तिथेच बसायचे. बँडेजखाली दोन बोटं जातात का बघायचे, दर पंधरा मिनिटांनी नखांचा रंग बघायचे, पाणी, लघवीचं भांडं, आणि नाव घेऊन बोलणं. झोप लागली की सोडायचं.

तेव्हा आम्हाला कायदा माहीत नव्हता. पण ६ ऑगस्ट २००१ नंतर कोणालाच माहीत नाही असं म्हणायला तोंड राहिलं नाही. तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या निवाऱ्याला आग लागली आणि साखळीला बांधलेली २८ माणसं जागच्या जागी गेली. ती बातमी मी नाईटवर रेडिओला ऐकली होती.

त्या मुलाने तुला विचारलं ना? त्याला उत्तर दे. तो अजून वॉर्डात आहे का?

गिरणाकाठची

मॅडम, हो. आहे अजून. आता बराच बरा आहे. माझ्याशी बोलतो नेहमीसारखा. मीच नजर चुकवते.

ब्रदर, शिरपूर

मी माझं परखड मत सांगतो, राग मानू नका. आयसीयूला जा. दोन वर्षं कर, मग हवं तर मानसोपचारात ये.

कारण दोन. एक, तुझं हॉस्पिटल ३० खाटांचं आहे. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरती परीक्षेला जीएनएमवाल्याला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. बीएस्सी असतीस तर प्रश्न नव्हता. म्हणजे तू तिथे पाच वर्षं घासलीस तरी त्या दारातून आत जाता येणार नाही. हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं तुला.

दोन, मानसोपचाराचा पेशंट आधी शरीराचा पेशंट असतो. आमच्याकडे मे महिन्यात एकाला १०३ ताप आला. सगळे म्हणाले ऊन लागलं, जळगाव-धुळ्याला मे महिन्यात दुसरं काय होणार. पण त्याचा हात वाकवायला गेलो तर लोखंडी नळीसारखा कडक. घाम, ताप, कडकपणा, बडबड. मनोविकाराच्या औषधांनी होणारा न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम होता तो. उन्हाचा म्हणून ओली चादर घालून बसलो असतो तर माणूस गेला असता. हे मला मेडिकल आयसीयूमुळे कळलं.

भुसावळचा उन्हाळा

ब्रदरदादांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझंही अनुमोदन, पण त्यातून मी उलटं उत्तर काढते. असा डोळा मानसोपचारातच राहूनही तयार होतो, शिकवणारं कोणी असेल तर.

मी ओपीडीला आहे. आमच्याकडे लिथियमवरचे (मूड स्थिर ठेवणारं औषध) पेशंट बरेच आहेत. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मध्ये ठेवायची असते. पट्टा अरुंद आहे. भुसावळच्या उन्हात माणूस शेतात घाम गाळतो, पाणी कमी पितो, मीठ जातं, आणि मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. डोस तोच, पण पातळी वर. त्यात अंगदुखीवर मेडिकलमधून आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेतली की आणखी वर.

एक काका, केळीच्या बागेत कामाला. त्यांच्या हाताला नेहमीच बारीक कंप असायचा. त्या दिवशी बाहेरच्या टपरीवर चहा घेत होते, मी सहज पाहिलं तर कपातला चहा बशीत आणि बशीतला धोतरावर. टपरीवाला म्हणाला, काकांचा हात असाच असतो. मी म्हटलं, असा नसतो. चालायला लावलं तर पाय फेकत होते, आणि आदल्या दिवसापासून जुलाब. पातळी तपासली, सलाइन लागलं, दोन दिवसांत घरी गेले. बारीक कंप आणि मोठा कंप यातला फरक ज्याने काकांना महिनोन्‌महिने पाहिलंय त्यालाच कळतो.

तेव्हापासून होळी झाली की मी प्रत्येक लिथियमवाल्याला सांगते. पाण्याची बाटली बरोबर, मीठ एकदम बंद करायचं नाही, जुलाब-उलट्या झाल्या तर वाट बघायची नाही, अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

खापरावरचे मांडे

हे वाचून आईला फोन केला. तिचं लिथियम चालू आहे आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून गोळी आणते. ती गुडघ्याची गोळी आजच बंद करून डॉक्टरांना विचारते. भुसावळताई, खूप आभार.

अमळनेरकर

मी नर्स नाही, नातेवाईक आहे. माझी आई १७ वर्षं स्किझोफ्रेनियाची पेशंट. बाकी औषधं लागू पडेनात म्हणून क्लोझापिन सुरू केलं, तेव्हा पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायला न्यायचं होतं, पांढऱ्या पेशी कमी होतात का बघायला. पहिल्या तीन खेपांनंतर मी कंटाळलो होतो. दुकान बंद ठेवून जायचं, बस, रांग, आणि आई रस्त्यात बोलत राहायची.

तिथे एक नवीन सिस्टर होती. गिरणाकाठच्या ताईंच्याच वयाची असेल. आईच्या उशीवर रात्री लाळेचं हे एवढं मोठं थारोळं व्हायचं. घरात सगळे किळस करायचे, आम्हाला वाटायचं आजार वाढला. त्या सिस्टरने आईची उशी विचारली. हो, उशी. म्हणाल्या, "काकूंची उशी ओली होते का? गोळीमुळे होतं ते. टॉवेल टाका आणि डॉक्टरांना सांगा." नंतर विचारलं, संडास साफ होते का, या गोळीने बद्धकोष्ठ होतं, ते अंगावर काढू नका. सतरा वर्षांत आईच्या उशीबद्दल कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन माझ्या बायकोने आईची उशी स्वतः बदलली.

ती सिस्टर सहा महिन्यांत सोडून गेली. का गेली माहीत नाही. आई अजून विचारते, "ती पोर कोठे गई?"

ताई, तुम्ही जा किंवा राहा, तुमचा हक्क आहे. फक्त हे माहीत असू द्या.

पाचोऱ्याची सुनबाई

सगळे राहा राहा म्हणतायत म्हणून मी दुसरी बाजू लिहिते. मी तीन वर्षं केलं आणि सोडलं. आता डोळ्यांच्या दवाखान्यात आहे. पश्चात्ताप नाही.

माझ्या बाबतीत रडू येणं हे लक्षण नव्हतंच. रडू येत होतं तोवर मी ठीक होते. मग रडू यायचं थांबलं. पेशंट ओरडला तर काही वाटेना, नातेवाईक रडला तर घड्याळ बघायचे. एक दिवस माझी चार वर्षांची मुलगी वरणभात खाईना, तर मी तिला वॉर्डातल्या आवाजात दटावलं. ती गप्प झाली आणि जेवायला लागली, अगदी वॉर्डातल्या पेशंटसारखी. त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, मी सोडते.

तेव्हा कोणी मला म्हटलं असतं की महिनाभर नाईट नको करू, ओपीडीला ये, किंवा कोणाशी तरी बोल, तर कदाचित सोडलं नसतं. पण महिन्याला बारा-बारा नाईट आणि चुकलं की मेमो. गिरणाकाठच्या ताई, तुझ्या तिथे इनचार्ज कशा आहेत, यावर सगळं आहे. पगारावर नाही, डिप्लोमावर नाही.

जुनी मेट्रन, धुळे

सुनबाई, हे तू लिहिलंस ते फार मोलाचं आहे. सोडणं म्हणजे हरणं नव्हे. आणि तुझ्या शेवटच्या वाक्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. या मुलीवर कामाचा ताण आहेच, पण त्याहून जास्त एकटीने काम करण्याचा आहे. रात्री ती आणि मामा, सकाळी हँडओव्हर पाच मिनिटांचा, आणि मग खोलीवर एकटी.

समाजकार्य, नंदुरबार-धुळे

मी मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता आहे. बांधण्याबद्दल कायदा काय म्हणतो ते लिहितो, कारण त्या रात्रीचं ओझं सगळं ताईंनी एकटीने उचलायचं कारण नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. कलम ९५ प्रमाणे कोणालाही कुठल्याही तऱ्हेने साखळीने बांधायला बंदी आहे. कलम ९७ शारीरिक बंधनाबद्दल आहे. पेशंटला किंवा दुसऱ्याला तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि तो टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच बांधता येतं. मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी लागते. गरजेपेक्षा एक मिनिट जास्त नाही. शिक्षा म्हणून नाही. कारण, पद्धत, किती वेळ, हे फाइलमध्ये लिहायचं. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे पेशंटने नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवायचं. एकट्याला कोंडून ठेवायला तर पूर्ण मनाई आहे.

स्टँड पडला, आजोबांना लागणार होतं, म्हणजे सुरुवातीचं कारण खरं होतं. चुकलं ते पुढचं. सोडायला उशीर झाला, नोंद झाली नाही, घरी कळवलं नाही. यातलं नोंदीचं आणि कळवण्याचं काम रुग्णालयाचं होतं, एका सात महिन्यांच्या सिस्टरचं नव्हे.

ब्रदर, शिरपूर

कायदा चांगला आहे, पण तीस पेशंट, एक सिस्टर, एक मामा. तिथे कलम कोण पाळणार? माणसंच नाहीत.

समाजकार्य, नंदुरबार-धुळे

दादा, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही. कायदा करणाऱ्यांना ही रात्र माहीत होती. म्हणून ताईंनी नोंद लिहायला सुरुवात करावी. "रात्री १:२० ते ६:००, एकच सिस्टर हजर" असं चार वेळा लिहून आलं की व्यवस्थापनाला दुसरी सिस्टर नेमावी लागते. न लिहिलेली रात्र झालीच नाही असं होतं.

ब्रदर, शिरपूर

हे पटलं. असा विचार केला नव्हता.

तोरणमाळची वाट

मी सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, धडगाव तालुक्यात. ताईंनी सीएचओचा पर्याय लिहिला नाही म्हणून लिहिते. पात्रतेत बसलात तर सहा महिन्यांचा कोर्स करून येता येतं. उपकेंद्राला बसायचं, रक्तदाब-साखरेबरोबर मानसिक आरोग्यही आमच्या कामात आहे.

इथे माणूस आधी भगताकडे जातो, मग आमच्याकडे. मी भगताशी भांडत नाही. एका पावरा मुलीला झटके यायचे, सगळे वारं म्हणायचे. भगताबाबांनाच मी म्हटलं, तुमचं तुम्ही करा, पण झटका आला की तिला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, आणि माझी गोळी चालू राहू द्या. तीन महिने झटका नाही. आता बाबा स्वतः माझ्याकडे पोरं पाठवतात.

मला तज्ज्ञ डॉक्टर लांब आहे. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला, खान्देशात एकही नाही. म्हणून मी १४४१६ लावून देते, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे. मराठीतून बोलतात. एकदा स्वतःसाठीही लावला होता, रात्री अकराला, पावसात, खोलीत एकटी होते. ताई, तुम्हीही लावू शकता. नर्सनेही लावावा.

अहिराणी माय

थोडं विषयांतर, पण त्या पोराचं "माले काबर बांधं" वाचून काळजात चर्र झालं. त्याने अहिराणीत विचारलं, तुम्ही उत्तर कशात देणार होतात?

मी ३० वर्षं शिक्षिका होते, नंतर नैराश्याची पेशंट. डॉक्टरांनी विचारलं, उदास वाटतं का? मी नाही म्हटलं. खरंच उदास वाटत नव्हतं मला. मला "जीव लागत नही" असं होत होतं. "मना जीव घाबरस, छातीमा धडधड व्हस." हे सिस्टरने ऐकलं आणि तसंच्या तसं फाइलवर लिहिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वाचून औषध बदललं.

केळीची बाग

पण आई, काही पेशंटना राग येतो. माझ्या काकांशी एका सिस्टरने अहिराणीत बोलायला सुरुवात केली, तर ते म्हणाले मला अडाणी समजता का. शिवाय आमच्याकडे रावेर-यावलला लेवा बोली, ती अहिराणी नव्हे.

अहिराणी माय

बरोबर आहे भाऊ. सुरुवात पेशंटने करायची. त्याने अहिराणीत दार उघडलं तर आपण मराठीत बाहेर उभं राहायचं नाही, एवढंच.

खापरावरचे मांडे

आमच्या वॉर्डात कानबाईच्या रोटांना (खान्देशातला सण) सगळे पेशंट घरी जायची रजा मागतात. जो रजा मागत नाही त्याच्याकडे सिस्टर आधी लक्ष देतात. मला हे फार आवडतं.

बंगळूरहून खान्देशी

डिप्लोमाबद्दल. मी चोपड्याचा, इथल्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतून मानसोपचार नर्सिंग केलं. एक वर्षाचा डिप्लोमा तिथे, रांचीच्या सीआयपी या मानसोपचार संस्थेत आणि तेजपूरच्या संस्थेतही आहे. पोस्ट बेसिक डिप्लोमाला बहुतेक ठिकाणी नोंदणीनंतर एक वर्षाचा अनुभव मागतात. म्हणजे तुम्ही आणखी पाच महिने थांबलात तर दार उघडतं, आत्ता सोडलंत तरी आयसीयूचा अनुभव धरला जातोच. घाई कुठल्याच बाजूने नाही.

मला तिथे औषधांपेक्षा एक गोष्ट जास्त उपयोगाची मिळाली. आठवड्यातून एकदा शिक्षिका आम्हाला बसवून विचारायच्या, या आठवड्यात कोणत्या पेशंटचा राग आला? राग आला हे म्हणायची परवानगी होती. मला एका दारुड्या माणसाचा भयंकर राग यायचा. बोलता बोलता कळलं की तो माझ्या मामासारखा खोकायचा.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचार नर्सचं पद असतं, बहुतेक कंत्राटी. डिप्लोमा असेल तर तिथे वजन पडतं. शिरपूरच्या ब्रदरचं ५० खाटांचं म्हणणं मात्र खरं आहे, ते नजरेआड करू नका.

लग्न जुळवणारी मावशी

आईच्या काळजीबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या पुतणीला स्थळ आलं तेव्हा मुलाच्या आईने विचारलं, वेड्यांमध्ये काम करते ना? पुतणी म्हणाली, काकू, तुमच्या घरात कोणाला झोप न येण्याचा त्रास आहे का? बाई गप्प झाल्या आणि आत जाऊन स्वतःच्या गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या, ही चालू ठेवू का विचारायला. लग्न झालं, पोरगी सुखात आहे. पोरी, तुझ्या आईला एकदा दवाखान्यात ने. दुपारी, पेशंट कॅरम खेळत असतात तेव्हा.

गिरणाकाठची

सगळ्यांना नमस्कार. बारा दिवसांनी लिहितेय, क्षमा असावी.

मेट्रन मॅडम, तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी नाही, तीन दिवसांनी धीर झाला. तो वऱ्हांड्यात बसून शेंगा सोलत होता. मी शेजारी बसले आणि म्हटलं, तू विचारलं होतंस ना, काबर बांधं. आजोबांना लागेल म्हणून बांधलं. पण तुले नींद लागनी तव्हयच सोडाले पाहिजे व्हतं. मी नही सोडं. मनं चुकनं. माझी अहिराणी अर्धी आजीची, अर्धी वॉर्डातली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माले वाटनं तू मना राग करस." आणि शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या. परवा घरी गेला. लिथियम चालू आहे. भुसावळच्या ताईंचं सगळं त्याच्या वडिलांना कागदावर लिहून दिलं, पाणी, मीठ, जुलाब, अंगदुखीची गोळी.

इनचार्ज सिस्टरशी बोलले. सुनबाई, तुमचा प्रश्न डोक्यात ठेवून बोलले, की या कशा आहेत ते आज कळेल. त्यांनी पूर्ण ऐकलं. म्हणाल्या, मला दुसऱ्याच दिवशी तुला विचारायला हवं होतं, मनगट मीही पाहिलं होतं. मग आम्ही दोघी डॉक्टरसाहेबांकडे गेलो. ते आधी चिडले, मग फोनवरचा हुकूम आपला होता हे त्यांनी मान्य केलं. दुसरी सिस्टर रात्रीला लगेच मिळणार नाही, पण पुढच्या महिन्यापासून एक मामा वाढतोय. बंधनाची वेगळी नोंदवही मात्र त्याच दिवशी सुरू झाली.

नाशिकला नाही म्हणून कळवलं. इथलं वर्ष पूर्ण करणार, मग डिप्लोमाचा फॉर्म भरणार. ब्रदरदादा, ५० खाटांची गोष्ट विसरलेले नाही, डिप्लोमानंतर मोठ्या हॉस्पिटलातच जाईन आणि मेडिकल वॉर्ड मागून घेईन. आई रविवारी येऊन गेली. कॅरम बघत बसली. एका पेशंटने तिला विचारलं, तुम्ही कोणाला भेटायला आलात, तर म्हणाली, माझ्या मुलीला. स्थळांचं काही बोलली नाही अजून.

पाचोऱ्याची सुनबाई

खूप बरं वाटलं. नाईट किती येतात ते मात्र मोजत जा. आणि रडू यायचं थांबलं तर इथे येऊन सांग.

तोरणमाळची वाट

त्या नोंदवहीत काय काय रकाने आहेत? आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या सिस्टर विचारत होत्या.

गिरणाकाठची

वेळ आणि कारण. आधी काय करून पाहिलं. कोणी सांगितलं, डॉक्टरांची सही. दर पंधरा मिनिटांनी नखं, मनगट, पाणी, लघवी. कधी सोडलं. घरी कोणाला, किती वाजता कळवलं. ड्यूटीवर किती माणसं होती. शेवटचा रकाना, पेशंट उठल्यावर त्याच्याशी कोण बोललं.

२०० पानी लांब वही घेतली आणि पट्टीने आखली. "आधी काय करून पाहिलं" हा रकाना सगळ्यात रुंद ठेवलाय. काल रात्री पहिल्यांदा तो भरला, पूर्ण पान लागलं, आणि बांधावं लागलं नाही.